आत्यावजा लाट

त्या किनाऱ्यावर बुडायचं म्हटलं तरी माणसाला मेहनत घ्यावी लागते. तळ सगळा वाळूचा, उतार इतका मवाळ की बरंच आत गेलं तरी पाणी मांडीशीच रेंगाळतं. लाटा फुटतात त्या दूर, सगळा राग तिकडेच काढून टाकतात, आणि माणसांपर्यंत पोचतात तेव्हा नुसता फेस उरलेला असतो. म्हणून तर बोर्डावर उभं राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ ज्यांना नव्यानं शिकायचाय ते सगळे इथे येतात. पडलं तर फार तर चड्डीत वाळू जाते. सकाळी वारा जमिनीकडून हळू येतो आणि पाण्याला इस्त्री केलेली असते. दुपारनंतर तो उलटतो, समुद्रावरून येतो आणि सगळं चुरगळून टाकतो. नवशिक्यानं सकाळी यावं आणि दुपारी जेवून झोपावं, एवढंच इथलं शास्त्र आहे.

एवढ्या गरीब समुद्राचा रोजचा अंदाज फळ्यावर लिहायचं काम वादळआत्यांकडे होतं. किनाऱ्यावरची सर्फिंगची शाळा त्यांच्या भाच्याची, त्यामुळे सगळे त्यांना तोंडावर आत्या म्हणत आणि पाठ वळली की वादळआत्या. बाई उंचीनं एवढ्याशा. फळ्याच्या वरच्या ओळीला हात पोचावा म्हणून स्टुलावर चढायच्या आणि उतरल्या की पुन्हा दिसेनाशा व्हायच्या. नोकरी सगळी रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेली, खिडकीपाशी बसून रिपोर्ट देण्यात. रिपोर्ट अगदी ठणठणीत असला तरी आत्या पाकीट अशा चेहऱ्यानं पुढे करायच्या की माणूस आधी बाकावर टेकायचा आणि मग उघडायचा. त्या निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्यांच्या हातात खडू दिला. घरी बसून त्याच्या बायकोला सल्ले देण्यापेक्षा त्यांनी समुद्राला दिलेले बरे, असा त्याचा विचार होता.

उजाडलं की आत्या शाळेच्या शेडपाशी हजर. मोबाइलवरचा अंदाज बघायच्या, खांबावरचं निशाण बघायच्या, मग वाळूत उभं राहून पाण्याकडे संशयानं बघायच्या, जणू त्यानं रात्रीतून काहीतरी लपवलंय. आणि मग लिहायच्या. लाट: कंबरभर. वारा: जोराचा, भरवसा नाही. भरती: चढती, सांभाळून. आणि खाली ठळक अक्षरात: आपण आपल्या जबाबदारीवर. त्या वेळी समोर गुडघ्याएवढी लाट आळोखेपिळोखे देत येत असायची आणि वाऱ्याला दोरीवरचा टॉवेल हलवायचाही कंटाळा आलेला असायचा.

"कंबरभर?" भाच्यानं एकदा विचारलं होतं. "आत्या, कुणाच्या कंबरेपर्यंत?"

"माणसाच्या," आत्या म्हणाल्या आणि हातावरचा खडू झटकला.

लिहून झालं की फळ्याचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायचा, हेही काम आत्यांचंच. शिकणारे अंथरुणातच तो बघून यायचं की नाही ते ठरवायचे. रोज असं संकट वाचून खरं तर शाळेला टाळं लागायला हवं होतं. पण माणसं दीडशहाणी असतात तेही एका अर्थी बरंच असतं. त्यांनी आपापसात एक रीत पाडून घेतली होती आणि तिला नाव दिलं होतं आत्यावजा.

नवीन आलेल्या एका दंतवैद्याला ती रीत बँकेतल्या कॅशियरबाईंनी समजावली. बिचारा फळा वाचून आल्या पावली गाडीकडे निघाला होता.

"डॉक्टर, कुठे निघालात?"

"छातीभर लाट लिहिलीय तिथे. मी परवा तर शिकायला लागलोय."

"अहो, आत्यावजा करा ना! छाती लिहिली की कंबर धरायची. कंबर लिहिली की गुडघा. गुडघा लिहिला की घोटा, म्हणजे काहीच नाही, घरीच लोळायचं."

"आणि वारा?"

"जोराचा म्हणजे मंद. मंद म्हणजे बंद."

"आणि वादळी असेल तर?"

"तर चुकवायचंच नाही. त्या दिवशी झकास असतं."

दंतवैद्यानं वजा केलं, पाण्यात गेला, धडका खाल्ल्या आणि खुशीत घरी गेला. रीत इतकी अंगवळणी पडली होती की स्वतः भाचाही फोटो बघून मनातल्या मनात एक पायरी खाली उतरायचा. आत्यांना मात्र यातलं अक्षर माहीत नव्हतं. आपण एवढं ठळक लिहितो आणि तरी लोक दात काढत पाण्यात शिरतात, हे बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शिकलेली माणसं आहेत पण वाचता येत नाही, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

सगळ्या किनाऱ्यावर त्यांचा फळा शब्दन् शब्द खरा मानणारा माणूस एकच होता. तो त्यांचा नवरा.

नवरा शिंपी. आत्या जेवढ्या बुटक्या तेवढाच हा उंच. दोघं रस्त्यानं चालली की तो कुणाला तरी शाळेत सोडायला निघालाय असं मागून वाटायचं. दुकान किनाऱ्यामागच्या गल्लीत. शाळेचे फाटलेले सूट, ते अंगाला चिकटणारे रबरी कपडे, त्याच्याकडेच दुरुस्तीला यायचे. लोकांचे गुडघे आणि ढोपरं शिवता शिवता त्याला वाटायला लागलं की आपणही एकदा उभं राहावं. एकदाच, पण नीट, गुडघे वाकवून, हात पसरून. मग त्यानं कापड बेतायच्या टेबलावर सराव सुरू केला. पालथं पडायचं, तळवे छातीपाशी, आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर. एकदा एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं तर शिंपी टेबलावर पालथा. गिऱ्हाईक घाबरून डॉक्टरला बोलवायला निघालं. "पँट ठेवा तिथे," शिंपी खालमानेनंच म्हणाला, "एवढी एक लाट जाऊ दे."

शाळेच्या टाकाऊ सुटांचे तुकडे जोडून त्यानं स्वतःसाठी एक सूट शिवला होता. एक बाही निळी, दुसरी काळी, पाठीवर कुणाचंतरी पोट. पुढेमागे अंग सुटलं तर उसवून सैल करता यावा म्हणून शिलाईत माया भरपूर सोडली होती. वाट बघण्यात अंग सुटलं आणि सूट दोनदा सैल करून झाला. अंगावर असताना तो एकदाही भिजला नव्हता.

रोज सकाळी तो शिवलेल्या सुटांचं गाठोडं घेऊन शेडपाशी यायचा, चष्मा लावायचा आणि हात मागे बांधून फळा वरपासून खालपर्यंत वाचायचा.

"कंबरभर," तो म्हणायचा. "वारा जोराचा. मग आज नाही."

"आज नाही," आत्या त्याच्याकडे न बघता म्हणायच्या.

आणि तो गाठोडं ठेवून जायचा. मागे लोक पाण्यात धिंगाणा घालत असायचे. ते तरुण आहेत, त्यांना जमतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. कॅशियरबाई त्याच्याहून फार लहान नव्हत्या, पण हा विचार त्यानं केला नाही. बायकोनं लिहिलेलं खोटं असेल असं मनात यायला जो एक कोपरा लागतो तो या माणसाच्या डोक्यात नव्हताच.

यामागे एक कारण होतं. आत्यांनी खडू हातात घेतला त्या पहिल्याच मोसमात, हा सूट शिवण्याआधी, शिंपी एकदा पाण्यात गेला होता. त्या दिवशी आत्यांनी लाट होती तेवढीच लिहिली होती. तो पडला, बोर्ड त्याच्या डोक्यावर आपटला, आणि त्याला वर यायला जरा उशीर झाला. आत्या धावत गेल्या आणि पाणी घोट्याला लागलं तिथे थांबल्या. पुढे पाय उचलेचना. पाण्याची त्यांना लहानपणापासून अशी धास्ती की बादलीतसुद्धा त्या हात आधी घालून बघायच्या. नवऱ्याला कॅशियरबाईंनी ओढून काढलं. तो खोकत खोकत हसत होता. आत्यांना हसू आलं नाही. आपला माणूस बुडतोय आणि आपण घोटाभर पाण्यात उभ्या आहोत, हे त्यांना नंतर कधीच विसरता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरची लाट एक अवयव वर चढली. जाऊ नका म्हटलं असतं तर घरात भांडण झालं असतं. फळ्याशी कोण भांडणार?

असं मजेत चाललं होतं. मग एका संध्याकाळी आत्या बाजारातून आल्या तर दारात स्कूटर सूट घालून उभी.

खरंच घालून. एक बाही निळी, एक काळी, त्यांत दोन आरसे. सीटवर पाठ, पायांच्या नळ्या चाकांवरून खाली आणून एकमेकींना शिवलेल्या. स्कूटर रुबाबात दिसत होती, त्याला इलाज नाही.

"हे काय?" आत्यांनी विचारलं.

"कव्हर. उन्हानं सीट तडकायला लागलीय."

"अहो, तुमचा सूट आहे तो!"

"होता. आरशांना बाह्या बघ कशा बसल्यात. कापावंही लागलं नाही."

"आणि पाण्यात जायचं ते?"

"अगं, मी रोज वाचतो ना," शिंपी म्हणाला. "आपला समुद्र काही आता शांत व्हायचा नाही. त्याचा स्वभावच तसा असेल. मग उगाच कापड कशाला अडकवून ठेवायचं?"

बोलण्यात टोमणा असता तर आत्यांनी तिथल्या तिथे परत केला असता. त्या कलेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण टोमणा नव्हता. हा माणूस मनापासून समुद्राची बाजू समजून घेत होता. जेवणात मीठ कमी होतं तेही आत्यांनी बोलून दाखवलं नाही, तेव्हा शिंप्यानंच विचारलं, बरं नाही का.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र असा होता की कुणी मुद्दाम मांडून ठेवावा. जमिनीकडून मंद वारा, लाटेचं तोंड धरून ठेवण्यापुरता, म्हणजे ती घाईनं कोसळत नाही, सावकाश उघडते. एकामागून एक गुडघाभर लाटा, मध्ये दम घ्यायला ऐसपैस जागा. आत्या स्टुलावर चढल्या. सवयीनं 'कं' लिहिला. पुसला. बराच वेळ खडू धरून उभ्या राहिल्या. मग दात आवळून लिहिलं. लाट: गुडघाभर. वारा: मंद, जमिनीकडून. नवशिक्यांना उत्तम. जबाबदारीची ओळ त्यांच्यानं सोडवेना, ती बारीक अक्षरात कोपऱ्यात घातली. फोटो काढून ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर लोकांनी रीतसर वजा केलं. गुडघा म्हणजे घोटा, मंद म्हणजे बंद. 'उत्तम' आत्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं, त्याला वजा कसं करायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून ते कुणी धरलंच नाही. कॅशियरबाई कुशीवर वळल्या. दंतवैद्यानं दवाखाना लवकर उघडला आणि अजून काही वर्षं टिकली असती अशी एक दाढ काढली. भाच्यानं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

शिंपी गाठोडं घेऊन आला. चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं.

"गुडघाभर?"

"लिहिलंय ना."

"वारा मंद?"

"मीच वाचून दाखवू का आता?"

"नाही, चुकून नाही ना पडलं हातून?"

"नाही हो," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "नीट बघून लिहिलंय. जा तुम्ही."

त्यानं गाठोडं त्यांच्या हातात कोंबलं आणि धावत सुटला. त्या वयात आणि त्या उंचीत धावू नये, पण सांगणार कोण. परत आला तो स्कूटरवर, आणि स्कूटर उघडी. सूट खांद्यावर होता, नळ्या अजून एकमेकींना शिवलेल्या. शिंप्यानं एक दोरा चिमटीत पकडून ओढला आणि सगळी शिवण सर्रकन सुटून हातात आली. सगळा नुसता धावदोरा होता. पक्की शिलाई घालण्याआधी शिंपी तात्पुरता घालतात तो, पुढे ओढून काढायचाच असतो तो. पक्कं त्यानं काहीच शिवलं नव्हतं. आत्यांनी ते बघितलं आणि त्यांना रडू फुटलं. डोळ्यात खडू गेला, असं त्या म्हणाल्या.

शिंपी बोर्ड काखेत घेऊन पाण्यात शिरला तेव्हा कुठे आत्यांनी आजूबाजूला पाहिलं. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"अरे आहेस कुठे? शाळा तुझी ना? तुझे आतोबा पाण्यात गेलेत!"

"कसल्या पाण्यात?" भाचा जांभई देत म्हणाला. "आज पाण्यात काही दम नाही."

"नाही कसा? समोर एवढ्या लाटा येतायत!"

"तू गुडघाभर लिहिलंस ना? म्हणजे घोटाभर. वजा करून."

"काय वजा करून?"

भाच्याची झोप उडाल्याचं इकडे ऐकू आलं.

"तुला, आत्या," तो म्हणाला. "तुला वजा करून."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आत्यांनी त्याची सालटी काढली असती. इतके दिवस आपण लिहितोय आणि सगळा गाव आपल्याला वजा करतोय! पण त्यातून पुढचंही त्यांच्या लगेच लक्षात आलं. आज कुणीही येणार नव्हतं. नवरा एकटा आत होता आणि ओढून काढायला आज कॅशियरबाई नव्हत्या.

"तुझ्याकडे नंतर बघते," त्या म्हणाल्या. "आधी ये!"

त्यांनी वर पाहिलं तर बोर्ड उलटा तरंगत होता आणि माणूस नव्हता. आत्यांनी गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकली. त्यानं दोन कावळे उडाले. मग त्या धावल्या. एक चप्पल शेडपाशी राहिली, एक वाळूत. पाणी घोट्याला लागलं आणि पाय जुन्या सवयीनं थांबले. आत्यांनी त्या पायांना एक अशी शिवी घातली जी लॅबच्या खिडकीत त्यांनी कधी उच्चारली नव्हती, आणि पुढे गेल्या. डोळे मिटलेले, चष्मा एका हातानं धरलेला, तोंडानं सारखं "आले हो, आले" चाललेलं.

शिंपी उलट्या बोर्डाच्या पलीकडे पाण्यात फतकल मारून बसला होता आणि कानातली वाळू काढत होता.

"अगं!" तो उठून उभा राहिला. "तू? पाण्यात?"

"तुम्ही मेला नाहीत?"

"दम खात होतो जरा. छान आहे गं! तू अगदी बरोबर लिहिलंस बघ. गुडघाभर."

तेवढ्यात एक लाट आली. शिंप्याच्या गुडघ्याला अदबीनं शिवून पुढे सरकली आणि आत्यांच्या थेट कंबरेवर आदळली. आत्या हेलपाटल्या, त्याच्या निळ्या बाहीला लटकल्या आणि ओरडल्या:

"हे गुडघाभर? ही कंबर आहे माझी! मग मी रोज काय खोटं लिहीत होते?"

लिहीत होत्याच. पण भिजलेल्या माणसाशी वाद घालू नये. शिंप्यानं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, त्यांच्या कंबरेकडे पाहिलं, आणि जन्मभर मापं घेतलेल्या माणसाच्या गांभीर्यानं मान डोलावली. "कंबरच आहे," तो म्हणाला.

"मी घाबरून लिहायचे," आत्या एकदम म्हणाल्या. "तुमच्यासाठी. बाकी सगळे मला वजा करायचे, तुम्ही तेवढे..."

"बरं," शिंपी म्हणाला. त्याला वजाचं काही समजलं नव्हतं. "मग आता बाहेर जातेस की थांबतेस?"

बाहेर जायचं तर लाटांकडे पाठ करावी लागणार होती, आणि तेवढा त्यांचा समुद्रावर विश्वास नव्हता. त्या थांबल्या. बोर्डाचं शेपूट दोन्ही हातांनी पकडलं. शिंपी वर पालथा झाला. येणाऱ्या लाटांकडे आत्यांनी लॅबमधल्या नजरेनं एकेक करून बघायला सुरुवात केली.

"ही नको, वाकडी आहे. हिच्यात जीव नाही. थांबा म्हणते ना! ही... ही घ्या!"

त्यांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ढकललं. बोर्ड सुटला, तळवे छातीपाशी गेले, आणि जो झटका इतकी वर्षं टेबलावर फुकट गेला होता तो लाटेवर बसला. शिंपी उभा राहिला. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, एक निळा, एक काळा. थेट वाळूपर्यंत गेला आणि तिथे पोचल्यावरसुद्धा उतरायचं कसं ते न शिकल्यामुळे तसाच उभा राहिला.

कंबरभर पाण्यात एकट्या उभ्या राहून आत्या शिट्टी फुंकत होत्या. भाचा उलटा शर्ट घालून पळत आला, त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"आत्या, तू आत?"

"ये," आत्या तिथून ओरडल्या. "आता वजा करून दाखव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या स्टुलावर चढल्या. समुद्र कालच्यासारखाच होता. भाचा मागे घुटमळत होता. खरं लिही म्हणावं तर शाळा रिकामी, खोटं लिही म्हणायची हिंमत नाही. आत्यांनी त्याला विचारलंही नाही. ठळक अक्षरात लिहिलं, लाट: कंबरभर, फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि थोड्याच वेळात कॅशियरबाई आणि दंतवैद्य बोर्ड घेऊन हजर झाले.

शिंपी आला. गाठोडं ठेवलं, चष्मा लावला, हात मागे बांधून वाचलं.

"कंबरभर," तो म्हणाला.

मग तो वळला, बायकोला स्टुलावरून खाली उतरवलं, वाळूत सपाट जागी उभं केलं, आणि वाळूपासून त्यांच्या कंबरेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मोजून झाल्यावर तो सूट घालायला गेला.

आत्यांनी आपल्या चष्म्याला दोरी बांधली आणि त्याच्या मागोमाग निघाल्या. शेडबाहेर स्कूटर उघडीच होती आणि तिची सीट उन्हात तापत होती.